कॉलरखालची लाल फुली

आमच्या घरात शिवणाचं मशीन नव्हतं. गिरगावातल्या आमच्या चाळीत तीन बिऱ्हाडांकडे होतं आणि दुपारची जेवणं आटोपली की त्यांचा घरघराट गॅलरीभर सुरू व्हायचा. माझी माईआत्या लगेच कपाळाला आठी घालायची. "झाली गिरणी सुरू," म्हणायची. मशीनची टीप तिच्या लेखी शिवण नव्हतीच. मशीनचा एक टाका सुटला की सगळी ओळ सुटते, हाताच्या टाक्याला मात्र शेजारच्याची लाज असते, असं तिचं म्हणणं. ते खरं आहे की नाही मला ठाऊक नाही, पण तिनं शिवलेलं उसवताना माझ्या नाकी नऊ येत हे खरं.

माईआत्या म्हणजे भाऊंची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. कोवळ्या वयात कपाळ पांढरं होऊन माहेरी परतली ती कायमची. भाऊ फोर्टात एका कचेरीत हेडक्लार्क, दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ वसंत, नुकताच विमा कंपनीत चिकटलेला, आणि मी कुमुद, मॅट्रिक होऊन लग्नाच्या बाजारात उभी. आई स्वयंपाकघराची मालकीण आणि आत्या सुईदोऱ्याची. दोघींची हद्द ठरलेली होती आणि कोणी कोणाच्या राज्यात बोट घालत नसे, म्हणून घरात शांतता होती. आत्याचा खजिना म्हणजे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. त्यात जुन्या कपड्यांची काढून ठेवलेली बटणं, हुक, रिळं, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं पितळी अंगुस्तान आणि कापडात खोचलेल्या सुया. डबा उघडला की बटणांचा जो खळखळाट होई तो अजून कधी कधी मला भलत्याच ठिकाणी ऐकू येतो, बँकेत रांगेत उभी असताना, नाहीतर डॉक्टरांच्या दवाखान्यात.

दुकानातून नवीन कपडा यायचा तो दिवाळीला. एरवी वर्षभर होतं तेच चालवायचं. लुगडं मधे विरलं की तेवढा भाग कापून काठाकडची दोन्ही टोकं मधे जोडायची, त्याला दंड घालणं म्हणत. माझा परकर दरवर्षी खाली सोडला जायचा आणि जुन्या मुडपाची फिकी रेघ माझ्या वयाचा हिशेब चारचौघांत सांगत फिरायची. पण आत्याचा हात खरा कळायचा तो शर्टाच्या कॉलरीत. कॉलर मानेला घासून आधी विरते, मग तिच्या दशा निघतात, बाकी शर्ट मात्र धडधाकट असतो. अशा वेळी कॉलर अलगद उसवायची, उलटी करून विरलेली बाजू आत घालायची आणि पुन्हा जागच्या जागी बसवायची. शर्टाला आणखी दोन वर्षांचं आयुष्य मिळे. भाऊ आणि दादा दोघेही उलट्या कॉलरीचे शर्ट घालून ताठ मानेनं कचेरीत जात आणि कोणाला पत्ता लागत नसे.

आणि काम झालं की आत्या खूण घालायची. गॅलरीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवरून चाळीत भांडणं नेहमीचीच. बहुतेकांचे शर्ट पांढरे, सगळ्यांचे एकाच गिरणीच्या कापडाचे. एकदा भाऊंचा शर्ट पलीकडच्या बिऱ्हाडातल्या गृहस्थांच्या अंगावर सबंध गणेशोत्सव मिरवला, तेव्हापासून आत्यानं ही युक्ती काढली. कॉलर पाठीमागे शर्टाला मिळते तिथे आतून, तांदळाच्या दाण्याएवढी लाल दोऱ्याची फुली. आमच्या घरच्या प्रत्येक कपड्याला ती असायची. त्यावर तिचे दोन नियम होते. एक, बोहारणीला किंवा कोणालाही जुना कपडा द्यायचा तर आधी फुली उसवायची. "आपली खूण आपल्या माणसापुरती. ती दुसऱ्याच्या अंगावर गेली की त्याचं बरंवाईट आपल्या दाराशी येतं," असं ती म्हणायची. दुसरा नियम, अर्धं शिवलेलं घरात ठेवायचं नाही. ज्याचा कपडा असेल तो माणूस वाटेत अडकतो. मी मॅट्रिक झालेली, दादाच्या संगतीनं चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकलेली. मी हसायची. आत्या म्हणायची, "हस, हस. दात दिसतात छान."

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. कचेरीतून सुटला की दादा सभेला, सभेहून मोर्चाला. घरात येताना त्याचा आवाज बसलेला असे आणि डोळे पेटलेले. भाऊ वर्तमानपत्राआडून म्हणत, "मुंबई मिळेल रे, नोकरी मिळायची नाही." आई त्याच्या ताटात वालाचं बिरडं जरा जास्त वाढायची. मग धरपकड सुरू झाली. एके दिवशी दोन पोलीस चाळीत येऊन दादाची चौकशी करून गेले आणि त्या दिवसापासून दादा घरी आलाच नाही. लालबागला गिरणीतल्या कोणा मित्राच्या खोलीवर आहे, एवढं उडत उडत कळलं होतं. आई रोज त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची आणि सकाळी ते स्वतः खायची.

अशातच समोरच्या चाळीत बारसं होतं. गावात काहीही चाललं असलं तरी पोराचं नाव ठेवायचं थांबत नाही. आई आणि आत्या गेल्या, भाऊ कचेरीत. मी घरी, कारण मी बाजूला बसले होते. तिसरा दिवस. खिडकीखाली चटई, वेगळा तांब्या, वेगळी वळकटी. त्या दिवसांत कशाला म्हणून हात लावायचा नाही, कपड्यांच्या ट्रंकेला नाही, आत्याच्या डब्याला तर नाहीच. आज हे नातीला सांगितलं तर ती माझ्याकडे वेड्या बाईकडे पाहावं तशी पाहते. तेव्हा मला त्यात काही वाटत नव्हतं. तीन दिवस कोणी काम सांगत नसे, उलट बरंच वाटे.

दाराशी एक माणूस येऊन उभा राहिला. सावळा, उंच, बाविशी-तेविशीचा. निळसर शर्ट, पायात झिजलेल्या चपला.

"वसंताचा घर ह्याच काय?"

"हो. पण दादा घरी नाही."

"म्हायत आसा. तेणांच धाडल्यान माका. मी परब, लालबागसून इलंय." त्यानं आत पाहिलं. "घरात कोण नाय?"

"नाही," मी म्हटलं आणि म्हटल्यावर जीभ चावली.

त्याला ते कळलं असावं, कारण तो एक पाऊल मागे सरला आणि तिथूनच म्हणाला, "आईक सांग, वसंत बरो आसा. दोन-चार दीस इकडे येवचो नाय. काळजी करू नको म्हणान सांगल्यान. येवडाच." आणि तो वळला.

वळला तेव्हा दिसलं, त्याचा शर्ट पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत फाटला होता. आत बनियन नव्हता. पाठीवर एक लांब ओरखडा होता, त्यावर रक्त सुकलेलं.

"शर्ट फाटलाय तुमचा."

"तारेत अडाकलो येताना. नाक्यावर पोलीस होते, मागच्या कंपौंडातसून उडी मारलंय."

"असेच जाणार?"

"जावक तर होया. फाटको शर्ट बघलो की धरतत आजकाल. पण काय करतलंय?" तो हसला. हसताना तो एकदम पोरासारखा दिसला.

मी उठले. आजही मला कळत नाही की मी किती सहज उठले. ट्रंक उघडली, दादाचा रेघांचा शर्ट काढला. मीच उलटवलेली ती पहिली कॉलर होती, आत्यानं तीनदा उसवायला लावून चौथ्यांदा पास केलेली. दाराशी गेले आणि त्या दिवसांतल्या सवयीनं तो त्याच्या हातात न देता वरून टाकला. त्यानं झेलला. दाराआड वळून त्यानं बदलला. मी भिंतीकडे पाहत होते. सगळा वेळ नाही.

"ह्यो टाकून दी," आपला फाटका शर्ट उंबऱ्यावर ठेवत तो म्हणाला.

मी पाहिलं, त्या शर्टाच्या बगलेत आधीच एक शिवण होती. जाड काळा दोरा, गोणी शिवावी तसे टाके. माझी नजर तिथे गेलेली पाहून तो ओशाळला. "माझीच शिलाय ती."

"टाकायचा कशाला? शिवून ठेवते."

"मग परवा येतंय न्यायला. वसंताचो धुवन आणतंय."

तो चपलेचा अंगठा सारखा करायला वाकला तेव्हा कॉलर जरा मागे आली आणि मला आतली लाल फुली दिसली. आत्याची छोटी कात्री फडताळात होती, चार पावलांवर. थांबा म्हटलं असतं तर तो थांबला असता. मी म्हटलं नाही. विसरले नव्हते. मला ती तशीच हवी होती. माझ्या हातची कॉलर, आमच्या घरची खूण, ती त्याच्या मानेला लागून लालबागपर्यंत जाईल या कल्पनेनं मला गंमत वाटली, आणि गमतीपेक्षाही जास्त काहीतरी वाटलं. तेव्हा मी त्याला अहोजाहो केलं. आता तो माझ्या नातवापेक्षाही लहान आहे, म्हणून अरेतुरे करते.

आई आणि आत्या घुगऱ्या घेऊन आल्या तोपर्यंत निळा शर्ट माझ्या वळकटीत गेला होता. तिला कोणी हात लावणार नव्हतं. निरोप कसा सांगायचा हा प्रश्न होता. परका तरुण घरात येऊन शर्ट बदलून गेला, तेही मी एकटी आणि बाजूला बसलेली असताना, हे सांगायची माझी छाती नव्हती. शेवटी मी आईला म्हटलं, "मला दुपारी स्वप्न पडलं. दादा बरा आहे म्हणाला, काळजी करू नको." आईनं पदर डोळ्यांना लावला. त्या संध्याकाळी ट्रामची घंटा मधेच थांबली. लोक धावत वाडीत शिरले, दारं लागली. पुढे मोठ्या रस्त्यावर गोळीबार झाला असं कोणी सांगत होतं, कोणी म्हणत होतं नुसता अश्रुधूर. माझ्या मनात एकदा येऊन गेलं की परब एव्हाना लालबागला पोचला असेल.

चौथ्या दिवशी न्हाऊन मी घरात आले आणि त्याच दुपारी, सगळ्यांचा डोळा लागल्यावर, दाराजवळच्या कोपऱ्यात बसून निळा शर्ट शिवायला घेतला. खांद्यापासून खाली, बारीक उलट्या टाक्यांनी. बगलेतली ती काळी शिवण उसवून नीट करावी असंही मनात आलं, पण हात गेला नाही. ते त्यानं आपल्या हातानं शिवलेलं होतं. निम्मी पाठ झाली तेव्हा आईची चाहूल लागली, म्हणून सुई तशीच खोचून शर्ट पुन्हा वळकटीत घातला. उद्या तो यायचा होता.

तो आला नाही. त्याच्या जागी दोन स्वयंसेवक आले. आई आणि मी परातीत मोड आलेले वाल सोलत बसलो होतो. ते दाराशीच घुटमळले. एकानं भाऊंचं नाव विचारलं, मग दादाचं. "वसंतराव घरी आहेत का?" भाऊ त्या दिवशी घरीच होते, पुढे झाले. मग त्या मुलानं वर्तमानपत्राची एक पुडी सोडली. म्हणाला, एक जण गेलाय, गोळी लागून. इस्पितळात ठेवलंय. ओळख पटत नाही. खिशात वाचनालयाची जुनी चिठ्ठी मिळाली, त्यावर हे नाव आणि पत्ता. म्हणून कॉलर कापून आणली, घरच्यांना कपडा ओळखता येतो.

आईनं ती कॉलर हातात घेतली, उलटी केली आणि अंगठ्यानं लाल फुली चाचपली. तिच्या तोंडून जो आवाज आला तो मी नंतर कधी कोणाच्या तोंडून ऐकला नाही. परात उलटली. सोललेले वाल जमिनीवर चहूकडे पसरले आणि ते तसेच राहिले.

भाऊ त्या मुलांबरोबर गेले. परत यायला तीन तास लागले. ते तीन तास मी कोणाला सांगितलेले नाहीत. आई कॉलर छातीशी धरून भिंतीला टेकून बसली होती आणि पुटपुटत होती, "सोळा आण्याचं पोर माझं." मला माहीत होतं की तो दादा नाही. ती कॉलर कोणाच्या मानेवर होती हे सबंध मुंबईत फक्त मला माहीत होतं. चार शब्द बोलले असते तर माझ्या आईचे ते तीन तास वाचले असते. मी एवढंच म्हटलं, "आई, दादा नसेल गं." तिला ते ऐकूही गेलं नाही. माईआत्यानं मात्र मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

भाऊ आले, टोपी काढली आणि दारातच म्हणाले, "आपला नाही."

आई हसायला लागली. रडायलाही. दोन्ही एकदम. भाऊंनी भिंतीला हात टेकला. "वसंताचाच शर्ट आहे. पण आत कोणी दुसराच. काळासावळा, धट्टाकट्टा. कामगार असावा. कोणी ओळखत नाही. उद्यापर्यंत कोणी आलं नाही तर बेवारस म्हणून उरकतील." आत्या म्हणाली, "कोणाचं लेकरू असेल." आई उठली, तोंडावर पाणी मारलं आणि रवा भाजायला घेतला. शिरा केला. तूप सढळ हातानं, वर बदामाचे काप. देवापुढे वाटी ठेवली आणि मग सगळ्यांना दिला. मी खाल्ला. छान झाला होता. कोणी विचारलं तर आजही मी सांगीन की माझ्या आईनं आयुष्यात केलेला सगळ्यात चांगला शिरा तो होता. आणि खाताना मला आनंद होत होता, हे लिहिल्याशिवाय हे प्रकरण लिहिण्यात अर्थ नाही. दादा जिवंत होता याचा तो आनंद होता. परब मेला होता, आणि तरीही मला आनंद होत होता.

संध्याकाळी आत्यानं माझी वळकटी सोडली. निळा शर्ट मांडीवर पसरून ती माझे टाके बोटानं मोजत बसली. आई देवळात गेली होती.

"कोण हा?"

"दादाचा मित्र. निरोप घेऊन आला होता. बारशाच्या दिवशी."

"तू बाजूला होतीस."

"हो."

"आणि त्या हातानं शर्ट दिलास. फुलीसकट."

मी मान हलवली. मला वाटलं ती मला मारेल. तिनं शर्टाची घडी घातली आणि अगदी सावकाश म्हणाली, "कुणाला बोलायचं नाही, कुमे. तुला बघायला लोक येणार पुढल्या महिन्यात. बाहेर काय काय बोलतील ते तुला कळायचं नाही."

"आत्या, उद्या त्याला बेवारस म्हणून जाळतील. मी भाऊंना सांगते."

"कोणीही जाळलं तरी जाळणंच ते," ती म्हणाली. "मेलेला परत येत नाही. जिवंत मुलीचं बघायचं असतं." आणि मग शर्ट माझ्या हातात देत म्हणाली, "हा मात्र शिवून पुरा कर. अर्धं ठेवू नको."

आठवड्यानं दादा आला, दाढी वाढलेला, खप्पड. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. शर्टाचा विषय निघालाच. भाऊंनी विचारलं, "तुझा रेघांचा शर्ट तू कोणाला दिला होतास?" दादा म्हणाला, "मी? कोणालाच नाही. ट्रंकेत असेल." मग आत्या दोऱ्याला गाठ मारता मारता म्हणाली, "मीच बोहारणीला दिला. मागल्या महिन्यात." भाऊंनी हुंकार भरला आणि विषय संपला. फुली न उसवता माईआत्या कपडा देईल हे आमच्या घरात कोणाला खरं वाटण्यासारखं नव्हतं. पण ते खरं मानणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

रात्रीचं जेवण झाल्यावर दादा गॅलरीत माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. दोरीवरचे कपडे वाऱ्यानं फडफडत होते.

"कुमे, त्या दिवशी परब आला होता का गं इथे? उंच, लालबागचा? निरोप देऊन धाडला होता मी."

"नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"कोणी आलं नव्हतं."

त्यानं कठड्यावर मूठ आपटली. "म्हणजे खरंच. त्याच संध्याकाळी खोलीवर धाड आली. मी मागच्या जिन्यानं कसाबसा सुटलो, दोघं धरले गेले. आम्ही सोडून खोली फक्त त्याला माहीत होती. साल्यानं विकलं आम्हाला आणि गावाला पळाला."

मी दोरीवरच्या कपड्यांकडे पाहत राहिले. त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर परब हुतात्मा झाला असता. तोपर्यंत त्याची राख झाली होती, पण नाव तरी राहिलं असतं. लालबागच्या कोणी त्याच्या गावी जाऊन सांगितलं असतं. मी गप्प बसले आणि तो पळपुटा झाला, फितूर झाला. एका खोट्यावर दुसरं खोटं रचावं लागतं हे मी शाळेत सुविचार म्हणून फळ्यावर लिहीत असे.

महाराष्ट्र झाला. वाडीत गुलाल उधळला, पेढे वाटले. माझं लग्न झालं, दादरला आले, संसार चांगला झाला. नवरा सरळ माणूस होता. त्याची एकच तक्रार असे, की कॉलर जरा विरली की मी शर्ट लगेच काढून टाकते, उधळी आहे. उलटवलेली कॉलर मी पुन्हा कोणाच्या मानेवर चढू दिली नाही. पण बसमध्ये, सभेत, लग्नाच्या पंगतीत पुढे बसलेल्या पुरुषांच्या माना मी पाहत आले आहे. साठ-पासष्ट वर्षं. कोणी वाकला, कॉलर जरा मागे सरकली की माझी नजर तिथे जाते. काय दिसायचं आहे तिथे? काही नाही. तरी पाहते. पावसाळी दुपारी दारावर थाप पडली की अजून मनात येतं, शर्ट न्यायला आला. निळा शर्ट ट्रंकेच्या तळाशी होता. आत्या गेली तोपर्यंत दोनदा तिनं विचारलं, "पुरा केलास का?" मी हो म्हटलं. तेही खोटं. सुई त्याच टाक्यात गंजून गेली होती. पुरा केला असता तर तो न्यायला येणार नाही हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

दादा दरवर्षी महाराष्ट्र दिनाला आमच्याकडे जेवायला यायचा. आंदोलनाच्या गोष्टी निघायच्या, आणि कुठेतरी परब यायचाच. "आमच्यातच एक निघाला बघ," दादा सांगायचा, आधी माझ्या मुलांना, मग नातवंडांना. मी वाढत असायची. परबाचं पहिलं नाव काय होतं ते मला आजतागायत माहीत नाही. दादाला माहीत होतं. पण तो त्याला परबच म्हणायचा आणि मी विचारणार कोणत्या तोंडानं? शेवटच्या दुखण्यात मी त्याच्या उशाशी तीन दुपारी बसले. तिन्ही दुपारी मी ठरवून गेले होते. पहिल्या दोन दिवशी सून खोलीत होती. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघंच होतो, आणि मी त्याला मोसंबं सोलून दिलं. तो गेला तो परब फितूर होता हे मनाशी धरून. त्यात त्याचा काय दोष?

दादाचं दिवसकार्य झालं त्यानंतरच्या आठवड्यात मी ट्रंक उघडली. गंजलेली सुई काढली तर कापडाला तपकिरी डाग राहिला होता. नवी सुई घेतली. डोळे आता काम देत नाहीत, म्हणून नातीला दोरा ओवून द्यायला लावला. उरलेली पाठ शिवायला मला नऊ दिवस लागले. पूर्वी दुपारभराचं काम. जुने टाके बारीक आहेत, नवे वेडेवाकडे. बगलेतल्या काळ्या शिवणीला मी हात लावला नाही. मग लाल दोरा मागितला आणि कॉलर उलटी करून पाठीमागे, आतून, तांदळाच्या दाण्याएवढी फुली घातली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा बसली.

नात माझ्या खांद्यावरून पाहत होती. "केवढा जुना आहे हा! कोणाचा गं, आजी?"

"परबाचा," मी म्हटलं.

"कोण परब? ते दादाआजोबा सांगायचे तो? पळून गेलेला?"

मी दोरा दातानं तोडला.

"पळाला नव्हता," मी म्हटलं. "आपल्याकडे आला होता."